फ्रीझरमधले मफिन कोरडे, पाव वातड: न्याहारीसाठी भाजून ठेवलेला साठा नेमका कुठे बिघडतो

रविवारी मफिन, पाव किंवा बन भाजून फ्रीझरमध्ये टाकायचे आणि आठवडाभर सकाळी गरम करून खायचे, ही सोय चांगलीच आहे. पण ती बिघडते तेव्हा तक्रारी ठरलेल्या असतात. मफिन कडेने कोरडं होतं आणि बूड मात्र गिच्च लागतं. पाव मायक्रोवेव्हमधून मऊ निघतो आणि चहा संपेपर्यंत वातड होतो. पिशवीत बर्फाचा चुरा साचतो. गोड बनला आलं-लसणाचा वास येतो. मग पुढच्या खेपेला लोणी वाढवलं जातं, दूध वाढवलं जातं, रेसिपीच बदलली जाते. रेसिपीचा यात हात कमी असतो. पदार्थातलं पाणी कुठून कुठे गेलं ते शोधलं की दोष सापडतो.

आधी काट्यावर ठेवा

पूर्ण गार झालेलं एक मफिन गुंडाळण्याआधी तोला आणि आकडा पिशवीवर लिहून ठेवा. दोन आठवड्यांनी काढल्यावर वर चिकटलेला बर्फ झटकून, गरम न करता, पुन्हा तोला. ६० ग्रॅमचं मफिन ५९ ते ६० भरलं आणि तरीही खाताना कोरडं लागलं, तर पाणी आतच आहे. चूक गरम करण्याच्या पद्धतीत आहे, किंवा फ्रीझरमध्ये जाण्याआधीच ते शिळं झालं होतं. तेच ५६-५७ भरलं, तर पाणी खरोखर बाहेर पडलं आहे, म्हणजे गुंडाळणीत किंवा फ्रीझरच्या तापमानात दोष आहे. हा फरक न तपासता केलेले सगळे उपाय अंदाजपंचे.

पिशवीत बर्फ दिसतो: गार होण्याआधी बांधलं

भाजलेला पदार्थ हाताला कोमट लागतो तेव्हाही त्याच्या मध्यातून वाफ निघत असते. तेवढ्यात पिशवी बांधली की वाफेचं पाणी आतून धरतं, फ्रीझरमध्ये त्याचे कण होतात, आणि सकाळी ते वितळून मफिनच्या बुडाशी मुरतात. वरून कोरडं, खालून गिच्च अशी जोडी यातूनच तयार होते.

मफिन भाजून झाल्यावर साच्यात ५ मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका, साच्यातही बुडाला घाम सुटतो. जाळीवर काढा. वेगळी जाळी नसेल तर ओटीजीची (घरातल्या छोट्या विजेच्या ओव्हनची) स्वतःची जाळी दोन वाट्यांवर टेकवली तरी भागतं, फक्त खालून हवा खेळली पाहिजे. मफिनला तास-दीड तास, लादीपावाला दोन तास आणि अख्ख्या ब्रेडला तीन ते चार तास लागतात. गार झालं का ते वरून हात लावून कळत नाही, बुडाला हात लावून पाहा. पंख्याखाली ठेवायला हरकत नाही, पण गार झाल्यावर लगेच बांधा. रात्रभर उघडं राहिलेलं मफिन सकाळी फ्रीझरमध्ये गेलं, तर ते कोरडंच आत गेलेलं असतं.

“फ्रीझर भरलाय म्हणून दोन दिवस खाली फ्रीजमध्ये ठेवलं”

पाव आणि ब्रेडच्या बाबतीत हीच सगळ्यांत महागात पडणारी चूक. ब्रेड शिळा होतो तो फक्त वाळल्यामुळे नाही. भाजताना फुगलेला स्टार्च गार झाल्यावर हळूहळू पुन्हा घट्ट रचनेत बसतो, आणि हे काम शून्य ते पाच अंशांच्या आसपास सर्वांत वेगाने चालतं. म्हणजे नेमकं फ्रीजच्या खालच्या कप्प्याचं तापमान. ओट्यावर ठेवलेला पाव फ्रीजमधल्या पावापेक्षा उशिरा शिळा होतो. उणे १८ ला मात्र ही क्रिया जवळपास थांबते. त्यामुळे पाव एकतर ओट्यावर, नाहीतर थेट फ्रीझरमध्ये. भाजला त्याच दिवशी.

याचीच दुसरी बाजू कामाची आहे. असा घट्ट झालेला स्टार्च साधारण ६० अंशांच्या वर गेला की बराचसा पुन्हा सैल होतो. म्हणून वजन टिकून असलेला पण कडक लागणारा पाव नीट गरम केला की ताज्यासारखा होतो. पाणीच उडून गेलेल्या पावाला हा इलाज लागू पडत नाही. तो भाजून चुरा करून ठेवावा, कटलेटला उपयोगी पडतो.

फ्रीझर खरंच उणे १८ वर आहे का?

परदेशी रेसिपीत “तीन महिने टिकतं” असं लिहिलेलं असतं ते क्वचित उघडणाऱ्या, सतत उणे १८ राखणाऱ्या फ्रीझरसाठी. आपल्या घरातला फ्रीझर म्हणजे फ्रीजचा वरचा कप्पा. त्यातच बर्फाचा ट्रे, मटार, खोबरं, मासळी आणि दिवसातून वीसदा उघडझाप. सोपी चाचणी: आइस्क्रीमचा डबा रात्रभर आत ठेवा. सकाळी चमचा सहज रुतला तर तापमान उणे १८ पेक्षा वर आहे. बटण एक खूण थंडकडे सरकवा आणि २४ तासांनी पुन्हा पाहा. कन्व्हर्टिबल फ्रीज असेल तर वरचा कप्पा चुकून फ्रीज मोडवर राहिलेला नाही ना, तेही पाहा.

फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये वेगळी भानगड असते. कॉइलवरचा बर्फ वितळवायला त्यातला हीटर ठरावीक काळाने चालू होतो. तेवढ्यापुरतं कप्प्याचं तापमान थोडं चढतं आणि पुन्हा उतरतं. दर चढउतारात पदार्थातलं थोडं पाणी थेट बर्फातून वाफ होऊन बाहेर येतं आणि पिशवीच्या आतल्या बाजूला जमतं. पांढुरके, कागदासारखे कोरडे डाग पडतात ते यामुळे. मफिन-पाव दारात किंवा हवा सुटते त्या झडपेसमोर ठेवू नका. तळाला मागच्या बाजूला ठेवा, वर मटारची पिशवी आली तर उत्तमच, पण आधी मफिन कडक गोठलेले असायला हवेत, नाहीतर चपटे होतात.

एका दाराच्या जुन्या फ्रीजमध्ये हीटरची अडचण नाही, पण भिंतीवर बर्फाचा थर चढला की थंडावा आत पोचत नाही. थर बोटाच्या पेराएवढा झाला की फ्रीज बंद करून वितळवा. सुरीने खरवडू नका, गॅसची नळी फुटते.

या सगळ्याचा हिशोब धरून आमचा सल्ला असा: घरच्या फ्रीझरमध्ये पाव दोन ते तीन आठवडे, मफिन चार ते पाच आठवडे. त्यानंतर ते खराब होत नाहीत, खाऊन काही होणार नाही, पण चव उतरलेली असते.

गुंडाळणी

किराणा दुकानातली पातळ कॅरीबॅग पाण्याची वाफ आणि वास दोन्ही आरपार जाऊ देते. स्टीलचा डबा मजबूत असतो, पण चार मफिनभोवती अर्धा डबा हवाच असते, आणि त्या कोरड्या हवेला हवं असलेलं पाणी मफिनमधूनच जातं. दोन थर लागतात: अंगासरशी बसणारी क्लिंग फिल्म, आणि त्यावर जाड झिप-पिशवी. पिशवी बोटभर उघडी ठेवून तोंडापर्यंत पाण्याच्या पातेल्यात बुडवली की पाण्याच्या दाबाने हवा निघून जाते, मग बंद करा. स्ट्रॉने हवा ओढली तरी चालते.

गुंडाळण्याआधी मफिन अॅल्युमिनियमच्या ताटात एकमेकांना न टेकता दीड-दोन तास उघडेच गोठवा. धातू थंडी लवकर पोचवतो, गोठणं वेगाने झालं की बर्फाचे कण बारीक राहतात आणि मफिनच्या आतली मऊ जाळी फाटत नाही. एका वेळी सहा ते आठच ठेवा. चोवीस मफिन एकदम कोंबले तर कप्पाच गरम होतो आणि मधले अर्धा दिवस ओलेच राहतात. दोन तासांपेक्षा जास्त वेळ मात्र उघडे ठेवू नका.

लादीपाव सुटा करू नका. जोडलेल्या बाजूंना साल नसते, तिथून पाणी पटकन उडतं. एका सकाळी चार लागत असतील तर चारांचाच तुकडा तोडून बांधा. ब्रेडच्या स्लाइस मात्र आधीच कापून गोठवा, गोठलेला अख्खा ब्रेड कापता येत नाही.

वासाबद्दल: लोणी आणि तूप वास ओढून घेतात, म्हणून साध्या पावापेक्षा लोणी घातलेला बन आधी “लागतो”. मफिनला दुसरी पिशवी घालण्याआधी वाटलेल्या आलं-लसणाला आणि सुकटीला घट्ट झाकणाच्या काचेच्या बरण्या द्या. वासाचा उगम बंद करणं स्वस्त पडतं.

काय गोठवावं, काय नाही

केळं, गाजर, भोपळा घातलेले मफिन सर्वांत चांगले टिकतात. फळातला गर आणि साखर किंवा गूळ पाणी धरून ठेवतात. तेलावर केलेला केक थंडपणीही मऊ लागतो, लोण्यावरचा घट्ट लागतो, कारण लोणी गार झालं की गोठतं. न्याहारीच्या मफिनला म्हणून तेल.

तिखटमिठाच्या मफिनमध्ये कच्चा कांदा, कच्ची पालेभाजी किंवा टोमॅटो घातला तर गोठताना त्याच्या पेशी फुटतात आणि सकाळी पाणी सुटतं. कांदा परतून पूर्ण गार करा. पालक-मेथी चिरून, मीठ लावून, दहा मिनिटांनी पिळून घाला, आणि पिठात मीठ तेवढं कमी करा. मक्याचे दाणे, किसलेलं चीज, पनीर यांना फारसं काही होत नाही. उकडलेल्या बटाट्याच्या फोडी रवाळ होतात, कुस्करून घातला तर चालतो. उकडलेल्या अंड्याचं पांढरं रबरी होतं. मेयोनीज फुटतं. कॉर्नफ्लोअरच्या कस्टर्डचं सारण पाणी सोडतं. साखरेचं आयसिंग बाहेर काढल्यावर पाझरतं, ते सकाळी घाला.

खारी, टोस्ट, नानखटाई भाजून फ्रीझरमध्ये ठेवण्यात अर्थ नाही, डब्यात त्या जास्त सुखी असतात. नानखटाईचं कच्चं पीठ मात्र गोळे करून महिनाभर छान राहतं, भाजताना वितळवायची गरज नाही, दोन-तीन मिनिटं जास्त द्यायची.

गोव्याची पोई नेणाऱ्यांसाठी: तिला वरून कोंडा लावलेला असतो आणि आत पोकळी असते, त्यामुळे ती पावापेक्षा लवकर वाळते. त्याच दिवशी, चपटी दाबून हवा काढून, दोन-दोनच्या जोडीने बांधा. गरम करताना थेट तव्यावर.

गोठवण्यासाठी धरलेलं प्रमाण: बिनअंड्याचे केळ्याचे मफिन, १२ नग

मैदा १२० ग्रॅम, कणीक १२० ग्रॅम, कुस्करलेली पिकी केळी ३०० ग्रॅम (मोठी तीन किंवा वेलची सहा-सात), ताजं दही १२० ग्रॅम, तेल १०० मिलि, बारीक चिरलेला गूळ किंवा साखर १३० ग्रॅम, बेकिंग पावडर दीड छोटा चमचा, खायचा सोडा अर्धा छोटा चमचा, चिमूटभर मीठ. केळं, दही, तेल, गूळ एकत्र घोटा, कोरडं चाळून घाला, पीठ दिसेनासं झालं की थांबा. मिश्रण चमच्यावरून पडतच नाही इतकं घट्ट असेल तर दोन मोठे चमचे दूध. तापलेल्या ओव्हनमध्ये १८० अंशांवर २० ते २२ मिनिटं.

गोठवायचे असतील तर काडी अगदी कोरडी निघेपर्यंत भाजू नका. काडीला दोन-चार ओलसर कण लागलेले असतानाच काढा, कच्चं मिश्रण मात्र लागता कामा नये. गरम करताना उरलेलं पाणी जाणारच आहे, ते आधीच घालवलं तर सकाळी काय राहणार?

कच्चं मिश्रण किंवा मळलेलं पीठ गोठवलं आणि फुगलंच नाही

दही-सोडा, व्हिनेगर-सोडा किंवा फ्रूट सॉल्टवर फुगणारं मिश्रण गोठवू नये. सोडा आंबट पदार्थाशी भिडताच वायू सोडतो, आणि फ्रीझर तो परत आणून देत नाही. बिनअंड्याच्या बहुतेक रेसिप्या याच प्रकारच्या असतात, म्हणून त्या भाजूनच ठेवा.

यीस्टच्या पिठाचं दुखणं वेगळं. गोठताना काही यीस्ट मरतं, आणि मेलेल्या पेशींतून सुटणारं ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य पिठाला ताण देणारं ग्लूटेन ढिलं करतं. पीठ फुगत नाही आणि पसरतं, दोन्ही एकदम. आधी फुगवून मग गोठवलेल्या पिठात ही हानी जास्त होते, कारण जागं झालेलं यीस्ट थंडी कमी सोसतं. करायचंच असेल तर यीस्ट दीडपट घ्या, दूध-पाणी फ्रीजमधलं थंड वापरा, मळून दहा मिनिटांत आकार द्या आणि फुगू न देता गोठवा. दोन ते तीन आठवड्यांत संपवा. आदल्या रात्री फ्रीजमध्ये उतरवा. सकाळी मुंबईच्या उकाड्यात फुगायला तास-दीड तास, नाशिकच्या डिसेंबरात तीन तासही लागतात. त्यानंतर भाजणं. साडेसातच्या स्कूल बसच्या दिवसाचं हे काम नव्हे.

त्यापेक्षा पाव अर्धे भाजून गोठवणं कितीतरी खात्रीचं. १२ लहान पावांसाठी मैदा ४०० ग्रॅम. त्यातला २५ ग्रॅम १२५ मिलि पाण्यात गुठळी न होऊ देता मंद आचेवर खिरीसारखा शिजवून गार करा. शिजलेला हा मैदा पाणी धरतो आणि पाव गोठवल्यानंतरही मऊ राहतो. उरलेल्या मैद्यात ही खीर, दूध १५० मिलि, साखर ३० ग्रॅम, मीठ ७ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम घालून मळा, शेवटी लोणी ४० ग्रॅम. पीठ सुरुवातीला चिकटतं, वर मैदा टाकू नका, दहा-बारा मिनिटं मळल्यावर सुटतं. दुप्पट होऊ द्या, गोळे लावा, पुन्हा फुगू द्या, आणि १६० अंशांवर १५ मिनिटं भाजा. पाव फिकट राहिला पाहिजे, पण बोटाने हलकं दाबल्यावर परत वर आला पाहिजे. गार करून गोठवा. सकाळी गोठलेलाच २०० अंशांच्या ओव्हनमध्ये आठ ते दहा मिनिटं, रंग येईपर्यंत. अर्धभाजे पाव जाळीवर काढल्यावर मधे खचले, तर पहिलं भाजणं कमी पडलं: दोन-तीन मिनिटं वाढवा, आच नाही.

सकाळची दहा मिनिटं

आदल्या रात्री काढत असाल तर बांधलेलंच ओट्यावर ठेवा. बाहेरची दमट हवा थंड वस्तूवर पाणी धरते. पिशवी बंद असेल तर ते पाणी पिशवीवर धरतं, उघडी असेल तर पावावर. कोकणात, पावसाळ्यात हा नियम मोडला की पाव चिकटच होतो. पनीर, चीज किंवा अंड्याचं सारण असेल तर ओट्यावर नको, फ्रीजमध्ये. तिथे पाव थोडा कडक होईल, पण गरम केल्यावर सुधारेल.

पावासाठी तवा सर्वांत भरवशाचा. मंद आच, पाव तव्यावर, कडेला पाण्याचे चार थेंब आणि वर झाकण. बर्फ सुटलेल्या पावाला मिनिट-दीड मिनिट, गोठलेल्याला चार-पाच मिनिटं, मधे एकदा उलटून. इडलीपात्रात वाफवायचा असेल तर गोठलेल्याला चार मिनिटं, आणि झाकणाला फडकं बांधा, थेंब पडले की डाग राहतात. एअर फ्रायरमध्ये मफिन फॉइलमध्ये गुंडाळून १६० अंशांवर सहा-सात मिनिटं, शेवटचं मिनिट फॉइल उघडून.

मायक्रोवेव्हमध्ये पाव वातड होतो तो जास्त तापल्यामुळे. पाणी वाफ होऊन निघून जातं आणि गार होताना स्टार्च घट्ट बसतो. गोठलेलं ६० ग्रॅमचं मफिन ३० टक्के पॉवरवर एक मिनिट, मग एक मिनिट तसंच बाहेर, मग पूर्ण पॉवरवर १० ते १५ सेकंद. पाव असेल तर ओलसर टिश्यूत गुंडाळून, सुटलेला असेल तरच, १०-१२ सेकंद. हाताला फक्त कोमट लागला पाहिजे. चटका बसण्याइतका तापला तर तो लगेच खा, डब्यात देऊ नका.

डब्यासाठी मुळात गरम करायची गरजच नाही. सात वाजता गोठलेलं मफिन टिश्यूत गुंडाळून डब्यात ठेवलं की छोट्या सुट्टीपर्यंत ते सुटलेलं असतं आणि टिश्यू पाणी टिपून घेतो.

वीज गेली तर

दार उघडू नका. गच्च भरलेला स्वतंत्र फ्रीझर न उघडता साधारण ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास थंडी धरतो. फ्रीजचा लहान वरचा कप्पा त्याहून बराच कमी. वीज आल्यावर साधा पाव किंवा केळ्याचं मफिन आतून थंड असेल तर पुन्हा गोठवता येतं, थोडं कोरडं होईल, त्याचं टोस्ट करा. पनीर, अंडं किंवा मांसाचं सारण असलेला बन मऊ पडला असेल आणि किती वेळ तसा होता हे कळत नसेल, तर तो टाकून द्या. गोठवण्याने जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात.